बोट लागणाऱ्या साडूंस

रमाकांतराव,

गेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये, असा आपल्याकडे रिवाज आहे. भाट्याच्या तुमच्या घरी भेटायला येणाऱ्यांसमोर बसून मी तो निमूटपणे पाळला. येईल त्याला खालच्या आवाजात सांगितले, की फार मोठ्या मनाचा माणूस होता. ऐकून एकदोघांनी भुवया उंचावल्या, कारण तुमचे आणि माझे पटत नाही ही गोष्ट मिरकरवाड्याच्या बंदरापासून भाट्याच्या पुलापर्यंत कुणाला नवी नव्हती. आता माणसे पांगली आहेत, भाड्याच्या खुर्च्या परत गेल्या आहेत, आणि रिवाज पाळण्याचे कारण उरलेले नाही. तुम्ही मोठ्या मनाचे नव्हता. तुम्ही हेकट होता, कुणाचे ऐकून घेत नव्हता, आणि माझा तर तुम्हाला मनापासून तिटकारा होता. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. त्या तिटकाऱ्याच्या परतफेडीत मी कधी काही कमी पडू दिले नाही, हेही इथेच लिहिले पाहिजे.

साडू हे नाते माणूस निवडत नाही. तुम्ही नलूताईंना पाहायला गेलात, काही वर्षांनी मी त्यांच्या धाकट्या बहिणीला, शुभाला, पाहायला गेलो. एवढ्या भांडवलावर आपल्याला जन्मभर एका पंगतीला बसावे लागले. तुम्ही थोरले जावई. जयगडच्या सासुरवाडीत झोपाळा तुमचा, पहिले ताट तुमचे, आणि सासरे थकल्यावर शेवटचा शब्दही तुमचा. मी धाकटा जावई, औषधांच्या दुकानात बसणारा, मितभाषी, सासूबाईंचा लाडका. तुम्ही मला तोंडावर 'गोळीवाले' म्हणत असा. तरीही आपण एकमेकांना कधी अरे-तुरे केले नाही. जे काही वैर केले ते अहो-जाहो करूनच केले, आणि कदाचित म्हणूनच ते इतके टिकले.

त्या वैरापायी एक गोष्ट अर्धी राहिली आहे. तिच्यासाठी हे लिहितो आहे.

नलूताई आणि शुभा जयगडच्या. लहानपणी रात्री त्यांच्या अंगणातून दूरवर जाणाऱ्या बोटींचे दिवे दिसत, आणि ही बोट कुठली, कुठे चालली, आत कोण जेवत असेल, यावर दोघी अंथरुणात पडून कुजबुजत. समुद्र त्यांनी जन्मभर काठावरून पाहिला. बोटीतून आपला काठ कसा दिसतो, एवढे त्यांना एकदा पाहायचे होते, आणि ते दोघींना मिळून पाहायचे होते. लग्नानंतर त्या एकाच गावात राहिल्या, रिक्षाने जाता येईल एवढ्या अंतरावर. पण दोघी बहिणींनी मिळून चार दिवस कुठे जाऊन राहणे कधी जमले नाही. मध्ये आपण होतो.

नलूताईंच्या साठीच्या निमित्ताने हा विषय निघाला. मुंबईहून निघणारी मोठी बोट, गोवा, कोची, पुढे लंकेतले गॉल आणि कोलंबो. मुले तिला क्रूझ म्हणत. आपण बोटच म्हणत होतो. दोघी बहिणींनी इच्छा सांगितली आणि आखणीचे काम आपल्या दोघांवर सोपवले. ही त्यांची मोठी चूक. घरातल्या कुठल्याही आखणीत नवऱ्यांना मान द्यायचा, ही आपल्याकडची पद्धत, आणि त्या पद्धतीने त्यांचा घात केला.

तुमच्या पडवीतल्या त्या संध्याकाळी मला अजून जशाच्या तशा आठवतात. मी दुकान लवकर बंद करून येत असे. बंदरांविषयी वाचून आलेलो असे, आणि आलेलो आहे हे दिसेल अशा बेताने बोलत असे. कोचीला डच लोकांचे जुने दफनस्थान आहे, मसाल्यांच्या वखारी आहेत, गॉलला समुद्रात घुसलेली तटबंदी आहे. तुम्ही उघड्या अंगाने आरामखुर्चीत.

"आयुष्य बंदरावर गेलं माझं," तुम्ही म्हणालात. "आता तिकीट काढून बंदरच बघू? वास तोच येणार ओ. मासळीचा."

"ती ऐतिहासिक बंदरे आहेत, रमाकांतराव."

"मग आमचं काय कालचं आहे? आणि थडगी बघायला कोचीला कशाला? ब्रह्मदेशच्या राजाचं इथेच आहे. उद्या रिक्षा करा नि जाऊन या."

आतून नलूताईंचे हसू ऐकू आले. मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, "त्या राजाला इथे कैदेत ठेवले होते. काही जण मात्र आपल्या मर्जीने डबक्यात राहतात."

"काय?" तुम्ही कानामागे हात नेलात.

"काही नाही. चहा छान झालाय म्हटलं."

रमाकांतराव, याविषयी मला आता स्पष्ट बोलले पाहिजे. तुमचा बर्फाचा कारखाना. लाद्या फोडणाऱ्या त्या यंत्राशेजारी तुम्ही उमेदीची सगळी वर्षे काढलीत, आणि त्या खडखडाटाने तुमचे कान गेले. तुम्ही मोठ्याने बोलता याची आम्ही थट्टा करत असू. तुम्हाला कमी ऐकू येते हे मात्र तुम्ही कुणापुढे कबूल केले नाहीत. मी हळू बोलतो याचे सगळीकडे कौतुक होते. औषधाच्या दुकानात माणूस हळू बोलायला शिकतो, समोरच्याचे दुखणे चार लोकांत जाऊ नये म्हणून. ती माझी सवय चांगली होती. पण तुमच्याशी बोलताना मी आवाज आणखी खाली नेत असे. तुम्हाला ऐकू येणार नाही आणि बाजूच्याला येईल, अशी एक पातळी असते. ती मला नेमकी सापडली होती. तुम्ही एकदा चिडून म्हणाला होता, "हा माणूस हळू बोलतो म्हणून मी ओरडतोय असं दिसतं." सगळे हसले होते. मीही हसलो होतो, कारण तुम्ही बरोबर ओळखले होते.

तरीही तुम्हाला गरीब बिचारे करून टाकायची माझी तयारी नाही. तुम्ही त्या आखणीत काय काय केलेत ते आठवा. मी गोव्यात एक दिवस जास्त थांबायचे सुचवले, तुम्ही म्हणालात गोव्याला तर आपण मासे घेऊन ट्रकनेही जातो. मी समुद्राच्या बाजूची खोली घेऊ म्हटले, तुम्ही जमिनीच्या बाजूचीच पाहिजे म्हणून खुर्चीच्या हातावर मूठ आपटलीत. मी विचारले, समुद्र पाहायला निघालेल्या माणसाने जमिनीकडे तोंड करून का बसायचे? तुम्ही फोन उचललात आणि बोटीच्या एजंटला लावलात, आणि भाट्याच्या किनाऱ्यापर्यंत जाईल अशा आवाजात विचारलेत, "ओ, तुमची बोट जयगडसमोरनं किती वाजता जाते?"

एजंटला जयगड ठाऊक नव्हते. तुम्ही त्याला अक्षरे फोडून सांगितलीत. त्याने गुगलवर पाहिले असावे. रात्री कधीतरी जाते, नक्की वेळ सांगता येणार नाही, असे तो म्हणाला. मला शरमल्यासारखे झाले होते. त्या मुलापुढे आपण अगदी खेडवळ ठरलो असे वाटत होते. तुम्ही फोन ठेवल्यावर मी समजुतीच्या सुरात म्हणालो, "रात्री जाणार म्हणजे काही दिसणारच नाही. कशाला हट्ट?"

हे वाक्य, नेमके हेच, तुम्हाला ऐकू गेले.

"बत्ती रात्रीच दिसते ओ, गोळीवाले!" तुम्ही गरजलात. "जयगडच्या पोरींना बत्तीवरनं घर ओळखता येत नाही होय?"

नलूताई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. शुभा त्यांच्या मागे. दोघींच्या चेहऱ्यावर जे उमटले ते मी पाहिले, आणि मला कळले की इतक्या संध्याकाळी बंदरांविषयी मी जे जे वाचून आलो होतो त्यातल्या एकाही वाक्याने ते उमटले नव्हते. जमिनीच्या बाजूची खोली ठरली. घरी जाताना शुभा वाटभर जयगडच्या दीपगृहाच्या त्या बत्तीविषयी बोलत होती. मी स्कूटर चालवत होतो आणि तुमचा मनस्वी द्वेष करत होतो. माणूस चुकला तर त्याला क्षमा करता येते. तो बरोबर निघाला तर काय करायचे, हे मला कुणी शिकवले नव्हते.

मग आले माझ्या मुलीचे केळवण. थोरल्या मावशीचे घर म्हणून ते तुम्ही केलेत. पाट, रांगोळी, वीसेक माणसांची पंगत, आणि तुम्ही स्वतः धोतर नेसून वाढायला उभे. एवढे मान्य करतो की माझ्या मुलीचे केळवण तुम्ही आपल्या मुलीच्या थाटात केलेत. पंगतीत कुणीतरी विचारले, "मग बोटीचं कुठवर आलं? रमाकांतशेट, चैन आहे बाबा." तुम्ही हातातले भांडे तसेच धरून म्हणालात, "माझं काही खरं नाही. मला बोट लागते."

पंगत हशाने फुटली. मिरकरवाड्याचा बर्फवाला, ज्याच्या लाद्यांशिवाय एक लाँच समुद्रात जात नाही, त्याला बोट लागते! कुणाला आठवेना की तुम्हाला कधी बोटीवर पाहिले आहे. बर्फ चढवायचा, आपण चढायचे नाही; इतकी वर्षे कुणाच्या लक्षातच आले नव्हते. तुमचे कान लाल झाले. त्यावर मी, तुमच्या घरी, तुमच्या हातचे जेवत असताना, माझ्या त्या नेमक्या आवाजात म्हणालो, "बंदरावर बोट लागायचीच. इतरांना लागली की माल खाली उतरतो. यांना लागली की वर येतो."

माझ्या शेजारच्याला हसता हसता ठसका लागला. हसू पंगतभर पसरले. तुम्हीही हसलात. सगळे हसताहेत म्हणून हसलात. तुम्हाला ऐकू आले नव्हते. आणि हसत हसतच स्वयंपाकघराकडे वळून ओरडलात, "सुधीररावांना वाढा गो आणखी! लाजतायत ते."

त्या रात्री नलूताईंनी तुम्हाला मी काय बोललो ते सांगितले. का सांगितले, हे मी त्यांना विचारू शकलेलो नाही. पण सांगितले ते योग्यच केले. एखाद्या माणसाला आपल्याच घरात कशावर हसवले गेले, हे कळण्याचा त्याला हक्क आहे.

पुढे तुम्ही माझ्या दुकानाची पायरी चढला नाहीत. रक्तदाबाची गोळी समोरच्या दुकानातून घेऊ लागलात. मी काउंटरवरून पाहत असे: तुम्ही रस्त्याच्या त्या बाजूला, पाठमोरे, आणि तिथल्या पोराला तुमचे ओरडणे. निरोप आला, 'मी येत नाही, तुम्ही तिघे जा.' नलूताई म्हणाल्या, हे नाहीत तर मी नाही. शुभा म्हणाली, ताई नाही तर मी नाही. मी म्हणालो, "त्यांची मर्जी." किती मृदू शब्द आहेत पाहा! मी चार ठिकाणी सांगितलेही, की बोट लागण्याचे निमित्त आहे, मुळात रमाकांतरावांना यायचेच नव्हते, बायकोच्या हौसेचे त्यांना काय. हे बोलताना मला समाधान वाटत होते. बंदरे गेली, दीपगृह गेले, दोघी बहिणींची सहल गेली, आणि मला समाधान वाटत होते, कारण दोष तुमच्या नावावर जमा होत होता.

मग तुम्ही गेलात. दुपारच्या झोपेत, कुणाला हाक न मारता. तुमच्यासारख्या माणसाने हाक न मारता जावे हे मला अजून पटत नाही.

तुमचा मुलगा मंदार कॅनडाहून येईपर्यंत तुम्हाला ठेवायचे होते, म्हणून तुमच्याच कारखान्यातून लाद्या आल्या. कामगारांनी त्या तुमच्याभोवती रचल्या. एक जण रडत रडत लादी फोडत होता आणि ती वेडीवाकडी फुटत होती. तुम्ही असतात तर त्याच्यावर खेकसला असतात. मी तिथे उभा राहून तुमच्या खेकसण्याची वाट पाहिली, हे खरे आहे. दुःख झाले असे म्हणवत नाही. भिंतीला टेकून बसलेल्या माणसाच्या पाठीमागून कुणी भिंत काढून घ्यावी, तसे काहीतरी झाले.

अस्थी खाडीच्या मुखाशी सोडायच्या ठरल्या. तुमचे जुने गिऱ्हाईक काशिराम तांडेल त्याची लाँच घेऊन आला. मंदार पुढे कलश घेऊन बसला, भटजी त्याच्याजवळ, आणि मी मागे, काशिरामच्या पायाशी. मीसुद्धा त्यापूर्वी कधी लाँचमधून समुद्रात गेलो नव्हतो. माझी सगळी बंदरे कागदावरची. खाडीचे पाणी संपून समुद्राची लाट सुरू झाली आणि लाँच एकदा वर गेली, एकदा खाली. तिसऱ्या वेळी मी कठडा धरला. सांगायला लाज वाटते, पण तुमच्यापासून लपवून उपयोग नाही: तुमच्या अस्थिविसर्जनाला मला बोट लागली. मंदार मंत्र म्हणत होता आणि मी बाहेर वाकून ओकत होतो.

"डोळे मिटू नका ओ," काशिराम वरून म्हणाला. "मिटलेत की जास्त होतं. जमिनीकडे बघा, जमिनीकडे. शेटना पण हेच सांगितलं होतं."

"कुठल्या शेटना?"

"कुठल्या म्हणजे? आपल्याच." त्याने हनुवटीने कलशाकडे दाखवले. "केळवण झालं ना त्यांच्याकडे, त्याच्यानंतर यायला लागले. सकाळी. तुम्ही बसलायत ना, तिथेच बसायचे. आधी आधी नुसतं ओकायचे. तुमच्या समोरच्या दुकानातनं उलटीची गोळी घेऊन यायचे, ती पण पडायची. मी म्हटलं शेट, कशाला जिवाचे हाल? कोणाला बोलू नको, म्हटल्यानी. बोटीच्या सहलीला जायचं आहे."

मला वाटले, नलूताईंसाठी. माझे डोळे भरले, आणि मी ते भरू दिले. तुम्ही बायकोसाठी एवढे केलेत, आणि मी तुम्हाला काय काय म्हणालो, असा पश्चात्तापाचा मोठा सुखद कढ आला.

"वहिनींसाठी सोसलं म्हणायचं," मी म्हणालो.

काशिरामने सुकाणूवरून माझ्याकडे पाहिले. "वहिनींसाठी?"

"मग?"

"जाऊ द्या ओ. गेलेला माणूस."

"सांग, काशिराम."

"म्हणायचे, त्या गोळीवाल्याच्या समोर बसून, बोट हलत असताना, दोन बांगडे खाऊन दाखवतो की नाही बघ. डोक्यासकट." त्याने सुकाणू जरा वळवले. "शेवटी शेवटी एक खायला लागलेले. ठेवायचे पोटात."

मी पुन्हा कठड्यावरून वाकलो.

रमाकांतराव, तुमचा मला संताप आला तो तिथे, तुमची राख पाण्यात जात असताना. एक शब्द टाकायचा होता. ती गोळी किती आधी घ्यायची, उपाशीपोटी का घ्यायची नाही, हे सांगणे माझा धंदा आहे. तुमच्या रक्तदाबाच्या औषधाबरोबर ती घ्यावी की नाही, हे मी विचार करून सांगितले असते. मी गोड आवाजात, तुमचा अपमान करत करत सांगितले असते, हे मला ठाऊक आहे. तरी सांगितले असते. त्या सकाळच्या दगदगीचा तुमच्या जाण्याशी काही संबंध होता का, हे मी डॉक्टरांना विचारले. नाही म्हणाले. औषधाच्या दुकानात इतकी वर्षे बसलेल्या माणसाला असल्या 'नाही'ची किंमत माहीत असते. ते खरेही असेल. पण माझ्या एका वाक्यामुळे तुम्ही लाँचच्या त्या फळीवर जाऊन बसलात, एवढे तर नक्की आहे, आणि ते मला कुठलाही डॉक्टर पुसून देणार नाही.

आणि तरीही, ऐका, यातही मला एक गोष्ट नाकारता येत नाही. माझ्यासाठी इतके कष्ट जन्मात कुणी घेतले नाहीत. माझे मित्र आहेत. बरी माणसे आहेत. त्यांच्यातला एकही माझ्या एका वाक्याखातर रोज सकाळी उठून आतडी पिळवटून घेणार नाही. माझे बोलणे तुमच्याइतके मनावर कुणी घेतले नाही. क्षमा मागावी असे मला वाटते. तुमची मागावीशी मात्र वाटत नाही. तुम्ही ती देताना जे तोंड केले असते ते मला आतूनच दिसते. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांची तडजोड मला जमलेली नाही.

दिवसकार्य आटोपल्यावर मी शुभाला घेऊन भाट्याला गेलो. सहलीची ठरलेली तारीख अजून पुढे आहे. चार जागा राखलेल्या आहेत. तुम्ही येत नाही म्हणालात, पण रद्द करू नका असे नलूताईंना बजावले होतेत, हे तिथे कळले. मी वाटेत विचार करून ठेवला होता. नलूताईंसमोर बसलो आणि म्हणालो, "ताई, यंदा राहू दे. वर्ष व्हायचं आहे. लोक उगाच बोलतील, तुम्हालाच त्रास. पुढच्या वर्षी शांतपणे बघू."

"मोठ्याने बोला," नलूताई म्हणाल्या.

"अं?"

"मोठ्याने बोला, सुधीरराव. म्हणजे तुम्हालाही ऐकू येईल काय बोलताय ते."

मी पुन्हा म्हणालो, मोठ्याने. माझा आवाज फाटला. मोठ्या आवाजात ते वाक्य काळजीचे वाटेना. आपल्याखेरीज काही ठरू नये, असे वाटणाऱ्या माणसाचे ते वाक्य होते.

"मला माहीत नव्हतं असं वाटलं तुम्हाला?" त्या म्हणाल्या. "काशिरामच्या लाँचचं? ओकलेले कपडे कोण धूत होतं?"

मी अंगणातल्या कपडे वाळत घालायच्या दोरीकडे पाहिले.

"या माणसाने एवढ्या उलट्या काढल्यान, त्या तुमच्या रागाने. माझ्यासाठी नाही. आणि तुम्ही ती बंदरं पाठ केलीत ती यांच्या रागाने. हिच्यासाठी नाही." त्यांनी शुभाकडे पाहिले नाही. "तुमची दोघांची सहल झाली. पडवीतच झाली. आता आमची. वर्षाचं मला सांगू नका. ते असते तर त्यांनी तुमचं ऐकलं नसतं, नि मी पण ऐकत नाही. आम्ही जाणार. दोघी."

"दोघी म्हणजे," मी शुभाकडे वळलो, "आणि मी?"

शुभा ताईंच्या साडीला पडलेली एक चुणी सरळ करत होती. तिने मान वर केली नाही. "तुम्ही दुकान बघा," ती म्हणाली.

दोघी उठून आत गेल्या. मी पडवीतच राहिलो. आत त्यांनी एजंटला फोन लावला. चारातल्या दोन जागा सोडल्या, दोन ठेवल्या. खोली त्याच बाजूची ठेवली, पण गॉल आणि कोलंबो काढून टाकले. कोचीपर्यंत जाऊन परत यायचे ठरवले, कारण जास्त दिवस बाहेर राहायचा कंटाळा येईल म्हणे. वखारींविषयी, तटबंदीविषयी कुणी चकार शब्द काढला नाही. बोटीवर मासे कसले मिळतात, हेही विचारले नाही. सगळे ठरायला चहा होईल एवढा वेळ लागला. तुम्ही आणि मी त्याच गोष्टीवर एक अख्खा उन्हाळा घालवला होता. मग कसलातरी खिदळण्याचा आवाज आला, पोरीबाळींचा असतो तसला. आपल्यासमोर या दोघी असे हसल्याचे मला आठवत नाही. तुम्हाला आठवते का?

मला राग आला. खरोखर आला. मी इतके वाचले, तुम्ही इतके ओकलात, आणि या दोघींनी आपल्याला विचारलेसुद्धा नाही. त्यांचेच बरोबर आहे हे मला समजत होते. तरीही कानशिले तापली. आणि त्या रागात मी मान वळवली, तुम्हाला सांगायला, रमाकांतराव. कारण या अपमानात माझी बाजू घेऊन, खुर्चीच्या हातावर मूठ आपटून, सगळ्या भाट्याला ऐकू जाईल असे ओरडणारा माणूस जगात एकच होता.